साध्या संख्येचा पार्सर आणि हुबळी-धारवाडचे अंक

मजकुरात लिहिलेली संख्या वाचून तिची किंमत काढणे हे प्रोग्रामिंगमधले अगदी प्राथमिक काम मानले जाते. मजकूर वाचून त्याचा अर्थ लावणारा कोड म्हणजे पार्सर, आणि छोटे पार्सर जोडून मोठा पार्सर बनवण्याची पद्धत म्हणजे पार्सर-कॉम्बिनेटर; त्याची ओळख करून देणारे बहुतेक धडे इथूनच सुरू होतात. एक अंक ओळखायचा, मग अनेक अंक, मग वजाचे चिन्ह, मग दशांश टिंब, आणि दहा-पंधरा ओळींत काम संपते. हा धडा सोपा वाटतो, कारण तो शिकवणाऱ्याच्या गावी संख्या एकाच पद्धतीने लिहितात.

हुबळी-धारवाडमध्ये तसे नाही. कर्नाटक परिवहनाच्या बसच्या अंगावर गाडीचा क्रमांक कन्नड अंकांत रंगवलेला असतो, महाराष्ट्राच्या एस.टी.वर तोच देवनागरीत. बँकेचे पासबुक आणि विजेचे बिल आंतरराष्ट्रीय अंकांत. राज्यघटनेच्या कलम ३४३ ने संघराज्याच्या कामकाजासाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप ठरवून दिले, पण लोकव्यवहारात तिन्ही रूपे टिकली. धारवाड जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे इथल्या जुन्या घरांत आणि कचेऱ्यांत मराठी आणि कन्नड दोन्ही कागद सापडतात. अशा ठिकाणी ‘संख्या वाचणारा पार्सर’ कसा लिहावा, उपलब्ध लायब्रऱ्या त्यात कुठे उपयोगी पडतात आणि कुठे तोकड्या पडतात, याचा हा आढावा.

व्याकरणापासून कॉम्बिनेटरपर्यंत

संगणकीय भाषेचे व्याकरण नियमांत मांडण्याची पद्धत जॉन बॅकस यांनी १९५९ मध्ये सुचवली आणि पीटर नाउर यांनी १९६० च्या अल्गोल अहवालात ती वापरली. १९६७ मध्ये पीटर इंगरमन यांनी या पद्धतीला पाणिनी-बॅकस रूप म्हणावे असे सुचवले, कारण नियमांवर नियम रचण्याची ही रीत पाणिनीकडे फार पूर्वीच होती. त्या अल्गोल अहवालात संख्येचीही व्याख्या आहे. पूर्णांक म्हणजे एक अंक, किंवा आधीच्या पूर्णांकापुढे आणखी एक अंक. कागदावर ही व्याख्या निर्दोष आहे. पण कॉम्बिनेटरने ती जशीच्या तशी उतरवली, तर पूर्णांक वाचण्यासाठी पार्सर आधी पूर्णांक वाचायला जातो, त्यासाठी पुन्हा पूर्णांक, आणि एकही अक्षर पुढे न सरकता कायमचा फिरत राहतो. म्हणून इथे ‘एक किंवा अधिक अंक’ असा पुनरावृत्तीचा नियम वापरावा लागतो. डावी पुनरुक्ती या नावाने ओळखली जाणारी ही अडचण संख्येच्या पहिल्याच नियमात भेटते.

१९७० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत लेक्स आणि याक ही साधने तयार झाली. त्यांत व्याकरण वेगळ्या फाइलमध्ये लिहायचे आणि त्यावरून साधनाने पार्सरचा कोड तयार करायचा. कॉम्बिनेटरची वाट वेगळी. इथे प्रत्येक पार्सर हे साधे फंक्शन असते. ते मजकूर घेते, आणि वाचलेली किंमत व उरलेला मजकूर परत देते. ‘यानंतर ते’, ‘हे किंवा ते’, ‘अनेकदा’ ही जोडणारी फंक्शने म्हणजे कॉम्बिनेटर. विल्यम बर्ज यांच्या १९७५ च्या पुस्तकात या कल्पनेचे बीज आहे. फिलिप वॉडलर यांनी १९८५ मध्ये अपयश म्हणजे रिकामी यादी आणि यश म्हणजे उत्तरांची यादी अशी मांडणी केली. ग्रॅहम हटन यांचा १९९२ चा लेख आणि हटन-मायर यांचा १९९६ चा अहवाल यांनी ही पद्धत वर्गात शिकवण्याजोगी केली. दान लायेन आणि एरिक मायर यांनी २००१ मध्ये पार्सेक ही लायब्ररी मांडली आणि रोजच्या कामात ती वापरता येऊ लागली. पुढे हॅस्केलमध्ये अॅटोपार्सेक आणि मेगापार्सेक, एफ-शार्पमध्ये एफपार्सेक, पायथनमध्ये पायपार्सिंग, रस्टमध्ये नॉम अशी मोठी मालिका तयार झाली.

वॉडलर यांच्या पद्धतीत ‘१२३’ वर ‘एक किंवा अधिक अंक’ चालवले, तर तीन उत्तरे मिळतात: १२३ आणि उरले काही नाही, १२ आणि उरले ३, १ आणि उरले २३. पार्सेकने यातले सर्वांत लांब उत्तर तेवढे ठेवले आणि मागे फिरण्यावर बंधने घातली. वेग त्यामुळे आला, चुकीचे संदेश नेमके झाले, पण काही खड्डेही तयार झाले. ते पुढे येतील.

पहिल्या दहा ओळी

साध्या संख्येचा पार्सर शब्दांत असा लिहिता येतो:

अंक = ० ते ९ यांपैकी एक अक्षर
पूर्णांक = एक किंवा अधिक अंक
चिन्हांकित = वजा किंवा अधिक चिन्ह (असल्यास), मग पूर्णांक
दशांश = चिन्हांकित, मग टिंब, मग एक किंवा अधिक अंक
संख्या = दशांश, नाहीतर चिन्हांकित; मग मजकुराचा शेवट

यातल्या प्रत्येक ओळीचा पार्सर वेगळा चालवून तपासता येतो, आणि हेच या पद्धतीचे खरे बळ. पण ओळींचा क्रमही पाहावा लागतो. ‘संख्या’मध्ये चिन्हांकित आधी लिहिले, तर ‘१२.५’ मधले १२ उचलून पार्सर समाधानी होतो आणि ‘.५’ मागे उरते. दशांश आधी लिहिला, तर ‘१२’ वाचून झाल्यावर टिंब नाही हे त्याला कळते, आणि तोवर दोन अक्षरे खर्च झालेली असतात. पार्सेकमध्ये अक्षरे खर्च झाल्यावर दुसरा पर्याय आपोआप तपासला जात नाही. त्यासाठी ‘ट्राय’ लावून मागे फिरण्याची परवानगी द्यावी लागते. त्याहून बरी रचना म्हणजे आधी पूर्णांक वाचायचा आणि टिंबासह अपूर्णांकाचा भाग ऐच्छिक ठेवायचा. मग मागे फिरण्याची गरजच पडत नाही.

शेवटची अट, म्हणजे ‘मजकुराचा शेवट’, नवशिके हमखास विसरतात. ती नसेल तर ‘१२अब’ हीसुद्धा बारा ही संख्या म्हणून स्वीकारली जाते. आंतरराष्ट्रीय अंकांच्या बाबतीत जावास्क्रिप्टचे पार्सइंट हे फंक्शन नेमके असेच वागते.

अंक कोणाचे?

युनिकोडमध्ये आंतरराष्ट्रीय अंकांचे संकेत ४८ ते ५७ आहेत, देवनागरीचे २४०६ ते २४१५ आणि कन्नडचे ३३०२ ते ३३११. प्रत्येक संचात शून्यापासून नवापर्यंत क्रम सलग आहे. म्हणजे संचाच्या शून्याचा संकेत वजा केला की अंकाची किंमत मिळते. गणित इतके सोपे असूनही लायब्रऱ्यांचे वागणे एकसारखे नाही. मेगापार्सेकचा अंक-पार्सर, नॉमचा अंक-पार्सर आणि पायपार्सिंगची अंकांची तयार यादी हे तिन्ही फक्त आंतरराष्ट्रीय अंक ओळखतात. जावास्क्रिप्टचे नंबर फंक्शन देवनागरी ‘१२३’ ला संख्या मानत नाही. पायथनचे इंट आणि जावाचे पार्सइंट मात्र तिन्ही लिप्यांतले अंक घेतात.

पायथनची ही उदारता थोडी पुढे जाते. पहिला अंक आंतरराष्ट्रीय आणि दुसरा देवनागरी अशी मिश्र संख्याही ते मुकाट्याने स्वीकारते. युनिकोडच्या सुरक्षाविषयक दस्तऐवजांनी अशा मिश्र संख्यांबद्दल इशारा दिला आहे, कारण काही लिप्यांतले अंक दुसऱ्या लिपीतल्या वेगळ्या किमतीच्या अंकासारखे दिसतात. बंगाली चार डोळ्यांना आंतरराष्ट्रीय आठासारखा वाटतो. पावतीवर असा एक अंक घुसला तर वाचणारा आठ समजेल आणि यंत्र चार जमा करील.

कॉम्बिनेटरची रचना इथे विशेष उपयोगी पडते. ‘अंकसंच’ असे एक फंक्शन लिहायचे, ज्याला शून्याचा संकेत दिला की त्या संचाचा पूर्णांक-पार्सर मिळतो. त्याला ४८, २४०६ आणि ३३०२ देऊन तीन पार्सर तयार होतात. आता ‘हे किंवा ते’ कुठे लावायचे, हा निर्णय आपला. तो अंकाच्या पातळीवर लावला तर मिश्र संख्या चालते. पूर्ण संख्येच्या पातळीवर लावला तर एक संख्या एकाच लिपीत असावी, हा नियम वेगळी तपासणी न लिहिता पाळला जातो. मोठ्या कोडमध्ये हा फरक शोधायला वेळ लागतो. इथे तो एका ओळीच्या जागेत दिसतो. हुबळीसारख्या गावासाठी लिहिलेल्या कोणत्याही पार्सरमध्ये ही दुसरी रचनाच वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्वल्पविराम आणि लाख

खरी परीक्षा स्वल्पविरामाची. परदेशी पुस्तकांतला नियम सोपा असतो: आधी एक ते तीन अंक, मग तीन-तीनांचे गट. आपल्याकडे शेवटचा गट तिनाचा आणि त्याआधीचे सगळे दोनाचे. ‘१,२५,०००’ साठी मनात येणारा पहिला नियम असा असतो: एक किंवा दोन अंक, मग ‘स्वल्पविराम आणि दोन अंक’ कितीही वेळा, मग ‘स्वल्पविराम आणि तीन अंक’ एकदा. हा नियम माणसाला पटतो, पण पार्सर अडकतो. १ वाचून झाल्यावर तो ‘,२५’ घेतो, आणि लगेच ‘,०००’ मधले ‘,००’ ही घेतो, कारण तेही दोन अंकांच्या गटात बसते. मागे एकटे शून्य उरते आणि तीन अंकांचा गट सापडत नाही. आपले गट उजवीकडून मोजले जातात आणि पार्सर डावीकडून वाचतो, हे या अडचणीचे मूळ.

उपाय दोन आहेत. पहिल्या उपायात दोन अंकांच्या गटानंतर लगेच तिसरा अंक नसावा अशी नकारात्मक अट घालायची आणि त्या गटाला ‘ट्राय’मध्ये ठेवायचे. दुसऱ्यात स्वल्पविरामांनी वेगळे झालेले सगळे गट आधी मुकाट्याने गोळा करायचे आणि नंतर त्यांची लांबी तपासायची. पहिला उपाय छोटा आहे, दुसरा अधिक चांगला. कारण ‘१,२५,००’ असे चुकीचे लिहिले असेल, तर दुसऱ्या पद्धतीत ‘शेवटच्या गटात तीन अंक हवेत’ असे नेमके सांगता येते. हा संदेश मराठीत किंवा कन्नडमध्येही देता येतो. पार्सेकमध्ये पार्सरला नाव लावण्याची सोय आहे, आणि ते नाव कोणत्याही भाषेत असू शकते. हुबळी-धारवाडमधल्या अमरगोळच्या बाजार समितीतल्या कारकुनाला इंग्रजी त्रुटीसंदेशाचा काही उपयोग नाही.

निर्यातीच्या बिलावर ‘१००,०००’ असे लिहिलेले असते आणि घरच्या बिलावर ‘१,००,०००’. दोन्ही एक लाखच. दोन्ही पद्धतींना वेगळे नाव द्यावे आणि कागदाच्या प्रकारानुसार एकच चालू ठेवावी. रकमेच्या आधीचे ‘रु.’, २०१० पासूनचे ‘₹’ आणि शेवटी येणारे ‘/-’ हे तिन्ही ऐच्छिक पार्सर म्हणून बाहेरच्या थरात ठेवले, तर संख्येच्या गाभ्याला हात लागत नाही.

टिंबाचा अर्थ

टिंब म्हणजे दशांश, हे गृहीतक धारवाड जिल्ह्यात सर्वांत महाग पडू शकते. कर्नाटकात जमिनीच्या उताऱ्यावर, म्हणजे पहाणीवर, क्षेत्र एकर, गुंठे आणि आणे असे लिहितात. ४० गुंठ्यांचा एकर, १६ आण्यांचा गुंठा. उताऱ्यावरचे ‘३.२०’ म्हणजे ३ एकर २० गुंठे, अर्थात साडेतीन एकर. हाच आकडा तयार दशांश-पार्सरने वाचला तर ३.२ एकर होतो, म्हणजे ३ एकर ८ गुंठे. गुंठ्याचे १,०८९ चौरस फूट धरले तर १२ गुंठे, म्हणजे १३,०६८ चौरस फूट जमीन हिशेबातून नाहीशी होते. बेरजेतही तेच. ‘३.२०’ आणि ‘२.३०’ यांची दशांश बेरीज ५.५० येते, खरी बेरीज ६ एकर १० गुंठे. शिवाय स्प्रेडशीट शेवटचे शून्य गाळते, मग उरलेले ‘३.२’ म्हणजे दोन गुंठे की वीस, हे कोणालाही सांगता येत नाही.

महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर हेक्टर, आर आणि चौरस मीटर असतात, आणि हेक्टरचे शंभर आर होतात. म्हणून तिथे दशांश समजून वाचले तरी निभावते. सीमेच्या दोन बाजूंना तेच चिन्ह, अर्थ वेगळा. कर्नाटकाच्या ‘भूमी’ प्रकल्पात सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे २ कोटी उतारे संगणकावर आले. अशा नोंदींवर कोणी विद्यार्थी प्रकल्प करायला बसला, तर त्याला पहिल्याच दिवशी हा प्रश्न भेटणार.

कॉम्बिनेटरमध्ये उत्तर सरळ आहे. एकर हा पूर्णांक, मग टिंब, मग नेमके दोन अंकांचे गुंठे, मग ऐच्छिक आणे. गुंठे ४० पेक्षा कमी आणि आणे १६ पेक्षा कमी नसतील, तर पार्सरने तिथेच नकार द्यावा. उत्तर अपूर्णांकात न ठेवता एकूण आण्यांत पूर्णांक म्हणून ठेवावे. ३ एकर २० गुंठ्यांचे २,२४० आणे. रुपयांनाही हाच नियम लावावा आणि रक्कम पैशांत साठवावी.

शब्दांतली संख्या

धनादेशावर आणि दस्तांवर रक्कम अक्षरी असते. इथे दोन भाषांची रचनाच वेगळी. कन्नडमध्ये दशक आधी आणि एकक नंतर: इप्पत्तोंदु म्हणजे एकवीस, ऐवत्तारु म्हणजे छप्पन्न. दशकाचा एक पार्सर आणि एककाचा दुसरा जोडला, मधला संधी सांभाळला, की नव्व्याण्णवपर्यंतचे बहुतेक काम होते. मराठीत एकक आधी आणि रूपे इतकी बदलतात की शंभरपर्यंतची सरळ यादीच द्यावी लागते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांच्या सोयीचा मुद्दा मांडला होता. पार्सर लिहिताना तीच अडचण यंत्रापुढे उभी राहते.

यादीतही दोन खड्डे आहेत. ‘एक’ हा शब्द ‘एकवीस’च्या सुरुवातीला आहे. तो आधी तपासला तर पार्सर तिथेच थांबतो. म्हणून लांब शब्द आधी द्यावेत. ‘तीन’ आणि ‘तीस’ यांची सुरुवात सारखी. पार्सेकमध्ये ‘तीन’ तपासताना ‘ती’ खर्च होते, मग ‘तीस’चा पर्याय विचारातच घेतला जात नाही. इथे ‘ट्राय’ लागतो. मेगापार्सेक आणि अॅटोपार्सेक मात्र शब्द जुळला नाही की आपणहून मागे येतात.

सव्वा, साडे, पावणे यांच्यासाठी मात्र कॉम्बिनेटर फार सुंदर बसतात. पार्सरचे उत्तर संख्याच असावी असे नाही, ते फंक्शनही असू शकते. ‘साडे’ वाचले की ‘अर्धा मिळव’ हे फंक्शन मिळते, ‘पावणे’ वाचले की ‘पाव वजा कर’. पुढची संख्या वाचून त्या फंक्शनला द्यायची, आणि मग शे, हजार, लाख यांनी गुणायचे. क्रम हाच हवा. साडेसात हजार म्हणजे साडेसातला हजाराने गुणून ७,५००. दीड, अडीच आणि पाऊण हे स्वतंत्र शब्द यादीत टाकले की बाजारात बोलली जाणारी रक्कम वाचता येते.

वेग, अचूकता आणि मर्यादा

मोठ्या दशांश संख्या वाचणे हे स्वतंत्र शास्त्र आहे. विल्यम क्लिंजर यांनी १९९० मध्ये अचूक वाचनाची पद्धत मांडली आणि डॅनिएल लेमायर यांनी २०२१ मध्ये ती अतिशय वेगाने करून दाखवली. २०११ च्या सुरुवातीला पीएचपी आणि जावा या दोन्ही भाषांत एका विशिष्ट अतिसूक्ष्म दशांश संख्येवर वाचन कायमचे अडकते, असे उघड झाले होते. पायथनने २०२२ मध्ये पूर्णांकासाठी ४,३०० अंकांची मर्यादा घातली, कारण प्रचंड लांब संख्या पाठवून सर्व्हर थकवता येत असे. म्हणून रचना आपल्या पार्सरने ओळखावी, पण दशांशाची अंतिम किंमत भाषेच्या तयार फंक्शनकडून घ्यावी, आणि अंकांच्या संख्येवर मर्यादा जरूर घालावी.

वेगाच्या बाबतीत हाताने लिहिलेला पार्सर बहुधा पुढे राहतो, आणि फक्त एक साधा पूर्णांक वाचायचा असेल तर लायब्ररी आणूच नये. पद्धती वाढू लागल्या, की कॉम्बिनेटरचे मोल कळते. रेग्युलर एक्सप्रेशन संख्या ओळखते, पण लाखाचे गट, तीन लिप्या आणि गुंठे एकाच ओळीत कोंबले, की ती ओळ लिहिणाऱ्यालाही महिन्याभराने वाचता येत नाही.

हुबळी-धारवाडने काय करावे

१९४७ चे बी.व्ही.बी. महाविद्यालय, जे आज के.एल.ई. तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, १९७९ चे एस.डी.एम. महाविद्यालय, २०१५ ची आयआयआयटी आणि २०१६ ची आयआयटी अशा संस्था या जुळ्या शहरांत आहेत. बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासक्रमात प्रयोगशाळेचे काम लेक्स आणि याकवर होते. ती साधने शिकवावीत, त्यांच्यामागचा सिद्धान्त महत्त्वाचा आहे. पण त्यासोबत कॉम्बिनेटरचा एक प्रयोग जरूर असावा, आणि त्यात परक्या पुस्तकातले गणिती उदाहरण न देता आपल्या गावचे कागद द्यावेत: कन्नड अंकांतला बसचा क्रमांक, लाखाचे स्वल्पविराम असलेले बिल, एकर-गुंठ्यांचा उतारा, अक्षरी रकमेचा धनादेश. डावी पुनरुक्ती, मागे फिरणे, पर्यायांचा क्रम, अर्थाची तपासणी आणि चांगला त्रुटीसंदेश हे पार्सिंगचे सगळे मोठे धडे या चार कागदांत आहेत.

आणि जे कोणी या लायब्रऱ्या वापरतात त्यांना एक विनंती. आपला अंकसंच, आपली लाखाची पद्धत आणि आपले गुंठे वाचणारे छोटे पार्सर लिहा, चाचण्यांसह ते खुले ठेवा. परदेशातला लेखक हे काम आपल्यासाठी करणार नाही, कारण ही अडचण त्याला कधी भेटलेलीच नाही.